आगगाडी म्हटलं की हात थांबवायचे

मी हवाई दलात होतो असं कळलं की आमच्या गेवराईकडचा माणूस आधी माझ्या पोटाकडे बघतो आणि मग विचारतो, "इमान चालवायचा का?" हा माझा लाडका क्षण. मी जरा थांबतो, घसा खाकरतो, आजूबाजूला कुणी ऐकतंय का ते बघतो आणि म्हणतो, "न्हाई. चालवणारांना चालवायचो."

काम खरंच तसं होतं. मी फायटर कंट्रोलर होतो. जमिनीवरच्या एका अंधाऱ्या खोलीत रडारच्या पडद्यासमोर बसायचं आणि वर आभाळात लढाईचा सराव करणाऱ्या वैमानिकांना रेडिओवरून सांगायचं, तुझा शत्रू अमुक दिशेला, अमुक उंचीवर. शत्रू म्हणजे आपलाच दुसरा वैमानिक, संध्याकाळी त्याच्याच शेजारी बसून जेवणारा. म्हणून खरं काम शत्रू शोधून देण्याचं नसायचंच. दोघे एकमेकांवर आदळू नयेत, हे बघण्याचं असायचं.

त्यासाठी नियम होते, आणि मला ते पाठ होते. सुरुवात करण्याआधी प्रत्येकाने आपलं शस्त्राचं बटण बंद असल्याचं तोंडाने सांगायचं. एकमेकांना डोळ्यांनी बघेपर्यंत एकाने वरच्या थरात राहायचं, दुसऱ्याने खालच्या. कंट्रोलरने सांगितलेलं वैमानिकाने जसंच्या तसं परत म्हणायचं. म्हटलं नाही तर सांगितलंच नाही असं धरायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम थांबण्याचा. एक ठरलेला शब्द. तो कुणीही उच्चारावा, अगदी काल भरती झालेल्यानेही. ऐकणाऱ्या प्रत्येकाने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि आहे ते सोडून सरळ व्हायचं. का थांबलो, ते खाली उतरल्यावर. कंट्रोलर 'पुढे चला' म्हणेपर्यंत कुणी काही करायचं नाही, आणि शब्द उच्चारणाऱ्याला कुणी रागवायचं नाही.

हे सगळं मी पहिल्यांदा मराठीत सांगितलं ते मुलगी बघायला गेलो तेव्हा.

दुष्काळाचं वर्ष होतं. ऊस वाळल्यामुळे साखर कारखान्याचा पट्टा लवकर पडला होता, म्हणजे गाळप संपलं होतं, आणि ऊसतोडीला गेलेली घरं मुदतीआधीच गावात परत आली होती. शिरूर कासारच्या पलीकडच्या त्या गावात माणसं भरपूर आणि पाणी नाही, अशी गत होती. मुलीचे वडील गावच्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमन, आणि ती स्वतः संस्थेत दुधाची फॅट तपासायची. आम्हांला चहा आला तो नुसत्या दुधाचा. आईने एक घोट घेतला आणि माझ्या कानात म्हणाली, "श्रीमंती लई दाखवायलेत." ती श्रीमंती नव्हती, अडचण होती. चहात घालायला पाणी नव्हतं.

मी ताटात दोन लिंबं ठेवली आणि माझं काम समजावलं. ही दोन विमानं, हा वरचा थर, हा खालचा, आणि हा मी. मी स्वतःसाठी कांदा घेतला होता. चेअरमन कौतुकाने म्हणाले, "म्हंजी आभाळातला ट्राफिक हवालदारच की!" मुलगी मात्र लिंबांकडे बघत होती. उजव्या हाताच्या मनगटावर तिने फडकं गुंडाळलं होतं. मग तिने मान वर केली, आणि खरं सांगतो, माझ्यापुरतं लग्न तिथेच ठरलं.

"दोन इमानं धडकू देत न्हाईत म्हणता," ती म्हणाली. "आमच्या हिरीवरचे पोहरे न धडकू देता दाखवा. मग मी काय ते सांगते."

चेअरमन दचकले. आईने कप खाली ठेवला.

भानगड अशी होती. कारखान्याचा टँकर रोज यायचा आणि गावच्या विहिरीत पाणी सोडून जायचा. टँकर वळला की सगळ्या बाया काठावर तुटून पडायच्या. पोहऱ्यावर पोहरे आपटायचे, दोरांचा गुंता व्हायचा. पोहरा हातचा जाऊ नये म्हणून प्रत्येक बाई दोराचं टोक मनगटाला गुंडाळून घ्यायची. त्या गुंडाळलेल्या दोराने त्या मुलीच्या मनगटाची सालटी काढली होती. कठडा गुडघ्याएवढासुद्धा नव्हता. आज ना उद्या दोराबरोबर एखादी बाई आत जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं आणि टँकर आला की सगळे विसरत होते.

परत निघताना आई म्हणाली, "पोरगी तोंडाळ हाय. मला न्हाई पटली."

"पण उद्या हिरीवर तर जायचंच."

"मी बी येते," आई म्हणाली. "बघते तुझं इमान."

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून विहिरीवर हजर झालो. आई कडुलिंबाच्या झाडाखाली पदर सावरून बसली. चेअरमन दूध संस्थेच्या ओट्यावर म्हाताऱ्यांमध्ये उभे राहिले. ती लांब भिंतीशी उभी होती. होणाऱ्या सासूसमोर पाण्याला वाकायचं नाही, असं तिला घरून बजावलेलं दिसत होतं.

टँकर यायच्या आधी मी वर्ग घेतला. विहिरीच्या चार बाजूंना नावं दिली: ज्वारी, बाजरी, तूर आणि करडई. दोन बाजूंनी पोहरे सोडायचे तेव्हा उरलेल्या दोन बाजूंच्या बायांनी दोर घट्ट धरून थांबायचं. मनगटाला दोर गुंडाळायचा नाही. सुरू करण्याआधी प्रत्येकीने दोन्ही मनगटं वर करून म्हणायचं, 'मोकळं'. आणि मी सांगेन ते परत म्हणायचं; म्हटलं नाही तर सांगितलंच नाही असं धरायचं.

"करडई, सोडा," मी सरावासाठी म्हटलं.

करडईच्या बाजूला एक काकू होत्या, आवाजाने दणकट. "करडई, सोडते," त्या म्हणाल्या. "आन् पाव्हणं, शर्टाचं एक बटण उघडं हाय."

"काकू, फक्त मी सांगितलं तेवढंच परत म्हणायचं."

"फक्त मी सांगितलं तेवढंच परत म्हणायचं," काकू म्हणाल्या. सगळी विहीर हसली.

मग थांबण्याचा शब्द. 'थांबा' चालणार नव्हतं, कारण त्या विहिरीवर 'थांबा' सगळेच म्हणायचे आणि थांबत कुणीच नव्हतं. कधीच कुणाच्या तोंडी येणार नाही असा शब्द हवा होता. बऱ्याच सूचना आल्या. शेवटी काकू म्हणाल्या, "आगगाडी ठिवा. आपल्याकडं ती काय येती होय?"

त्या काळी आमच्या भागात रेल्वेचं नाव फक्त निवडणुकीत निघायचं. शब्द एकमताने पास झाला.

"कुणालाही काही धोक्याचं दिसलं की ओरडायचं, आगगाडी," मी सांगितलं. "ऐकलं की सगळ्यांनी तेच ओरडायचं आणि हात जिथं असतील तिथं थांबवायचे. मी सांगेपर्यंत हलायचं नाही." मग बाजरीतल्या एका नव्या सुनेला म्हटलं, "ताई, तुम्ही म्हणून दाखवा."

सून सासूच्या कानाशी वाकली आणि हळूच काहीतरी म्हणाली. सासूने विचार केला. मग सासू ओरडली, "आगगाडी!"

"तुम्ही नाही, त्यांनी!"

"ती कशी वरडंल?" सासू म्हणाली. "मी हाय न्हवं? तिला काय दिसलं तर ती मला सांगंल. मला पटलं तर मी वरडन."

मी चारही बाजूंना विचारलं. सगळीकडे हीच व्यवस्था होती. सुनेने बघायचं, सासूला सांगायचं, सासूने ठरवायचं. कुणीही ओरडावं हे सगळ्यांना मान्य होतं, फक्त सासूच्या देखत सुनेने ओरडावं हे कुणालाच नव्हतं. मी लिंबाच्या झाडाकडे बघितलं. आईची मान समाधानाने डुलत होती.

पुढे काही बोलणार, तेवढ्यात टँकर आला.

आणि काय सांगू, सुरुवात देखणी झाली! मनगटं वर झाली, 'मोकळं, मोकळं' असा गजर झाला. टँकरने पाणी सोडलं. मी कठड्यावर चढलो. "ज्वारी, तूर, सोडा!" "ज्वारी, तूर, सोडतो!" पोहरे सरळ खाली गेले, भरून सरळ वर आले. एकसुद्धा टक्कर नाही. मी हात हवेत फिरवत, शिट्टी फुंकत कठड्यावर इकडून तिकडे जात होतो. अंधाऱ्या खोलीत वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला पहिल्यांदा प्रेक्षक मिळाले होते. "बाजरी, करडई, तयार!"

करडईच्या काकूंच्या दोराचं वेटोळं कठड्यावर पडलेलं होतं, आणि माझा डावा पाय बरोबर त्यात होता.

हे त्या नव्या सुनेला दिसलं. नंतर कळलं, ती सासूच्या कानात म्हणाली, "पाव्हण्याचा पाय दोरात हाय." सासूने डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "हवाई दलाची पद्धत असंल."

"करडई, सोडा!"

"करडई, सोडते," काकू म्हणाल्या आणि पोहरा सुटला. वेटोळं उलगडायला लागलं.

"आगगाडी!"

आवाज भिंतीकडून आला. असा खणखणीत, की रेडिओवर असता तर मी कानावरचे हेडफोन काढले असते. लगेच ज्वारी ओरडली, तूर ओरडली, सगळी विहीर 'आगगाडी, आगगाडी' करू लागली. ओट्यावरचे म्हातारे खरंच उठून शेताकडे बघायला लागले. काकूंनी दोर दाबून धरला. फास माझ्या घोट्यावर येऊन बसला होता आणि दोर ताठ होता. आणखी थोडा गेला असता तर पोहऱ्यामागून मीसुद्धा गेलो असतो. नियम पाळायचाच तर मीही म्हणायला हवं होतं, म्हणून बारीक आवाजात म्हटलं, "आगगाडी."

ती भिंतीकडून चालत आली. काकूंनी दोर जरा वर ओढला, तिने खाली बसून माझ्या पायातला फास काढला आणि म्हणाली, "खाली उतरा."

मी उतरलो.

"चुका खाली उतरल्यावर सांगायच्या असतात म्हणला होता ना? मग ऐका. दोरासंगं उभं राहायचं न्हाई, ही एक. सगळ्यांचं मनगट बघितलं, स्वतःचा पाय न्हाई बघितला, ही दुसरी. आन् तुमी समद्यांकडं बघत होता, मग तुमच्याकडं बघायचं काम कुणाला दिलतं?"

हवाई दलात माझ्या चुका अनेक वरिष्ठांनी काढल्या होत्या. इतक्या नीट कुणीच नाही.

तोवर चेअरमन धावत आले होते, पण माझ्याकडे नाही, लिंबाखाली. आईसमोर हात जोडून म्हणाले, "विहीनबाई, पोर तशी न्हाई हो. कधी आवाज चढवत न्हाई. आज कावून वरडली कुणास ठाऊक."

'विहीनबाई' हे अजून ठरायचं होतं, आणि आता ठरणार नाही असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. विहिरीत पडता पडता घाबरलो नव्हतो तेवढा मी आता घाबरलो.

आई उठली. सावकाश विहिरीपाशी आली. माझ्या पायाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"माझ्या देखत वरडलीस?"

"हो," ती म्हणाली. मान खाली गेली नव्हती. "तुमचा ल्योक जात होता."

आई माझ्याकडे वळली. "तुझं इमान बघते म्हणलं होतं ना? बघितलं. मला चालंल. पण घरात बी हाच नियम. कुणीबी म्हणावं, सगळ्यांनी थांबावं, कावून ते मागून."

मी टाचा जुळवल्या आणि माझ्या उभ्या नोकरीतलं सर्वोत्तम उत्तर दिलं. "कुणीबी म्हणावं, सगळ्यांनी थांबावं, कावून ते मागून."

"तुमचं न्हाई," चेअरमनांची लेक म्हणाली. "तुमचं तोंड तसंबी चालूच असतं."

आणि तिने आईकडे बघितलं. चेअरमनांनी डोळे मिटून घेतले.

परत म्हटलं नाही तर सांगितलंच नाही असं धरायचं, हे आईने सकाळी झाडाखाली बसून ऐकलं होतं. तिने पदर डोक्यावर सारखा केला. ज्या बाईने आयुष्यभर घरात दुसऱ्यांकडून परत म्हणवून घेतलं, ती आधी विहिरीत बघून बोलली, मग त्या मुलीकडे बघून.

"कुणीबी म्हणावं," आई म्हणाली. "सगळ्यांनी थांबावं. कावून ते मागून." मग जरा थांबून, "चहात पाणी किती घालायचं ते मात्र मी ठरवीन."

परत म्हटलेलं बरोबर असेल तर कंट्रोलरने 'बरोबर' म्हणायचं असतं, त्याशिवाय आज्ञा पुरी होत नाही. मी तोंड उघडलं.

"बरोबर," ती म्हणाली.

चेअरमन हसायला लागले, आई हसली, ओट्यावरचे म्हातारे काय झालं म्हणून एकमेकांना विचारू लागले. मी शिट्टीशी चाळा करत उभा होतो. मागून काकूंचा आवाज आला.

"पाव्हणं, तुमचं ठरलं असंल तर 'पुढं चला' म्हणा की वो! हात गळून आले आमचे."

मी वळून बघितलं. चारही बाजूंच्या बाया दोर हातात धरून, जिथल्या तिथे, तशाच उभ्या होत्या.