पाचवं शील आणि सकाळची गोळी

आम्ही चमत्कार मानणारी माणसं नव्हे. आजोबा महूच्या पलटणीत होते, वडील तिथल्याच छावणीत कारकून. घरात नवस नव्हते, अंगारे नव्हते. बुद्धाची एक छोटी मूर्ती, तिच्यापुढे मेणबत्ती आणि रोज सकाळी वंदना, त्रिशरण, पंचशील, एवढंच. म्हणून माघ पौर्णिमेच्या सकाळी जे झालं ते लिहायला बसले तरी मला संकोच वाटतो. जसं घडलं तसं लिहिते. त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

माझा भाऊ प्रदीप माझ्याहून बारा वर्षांनी धाकटा. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला मीच वाढवला असं म्हटलं तरी चालेल. इंदूरला सांवेर रोडच्या एका कारखान्यात तो खराद मशीनवर, म्हणजे लेथवर, होता. लोखंड त्याच्या हाताखाली लोण्यासारखं वळायचं असं त्याचे सोबती सांगत. कमरेत उसण भरली म्हणून कुणीतरी त्याला एक पुडी ओढायला दिली, आणि त्या ब्राउन शुगरने पुढची नऊ वर्षं खाल्ली. नोकरी गेली, लग्न मोडलं. शेवटी तो माझ्याकडे, स्नेहलतागंजातल्या माझ्या दोन खोल्यांत राहायला आला. मी लग्न केलं नव्हतं, सरकारी कचेरीतून नुकतीच निवृत्त झाले होते. जागा होती. माया मात्र आटली होती, हे खरं सांगायला हवं. मीच एकदा सही करून त्याला गावाबाहेरच्या एका कुलूपबंद केंद्रात घातलं होतं. चाळीस दिवसांनी परत आला तेव्हा त्याच्या मनगटांवर दोराचे वळ होते. त्या वळांबद्दल मी त्याला कधी विचारलं नाही. आठवड्याभरात पुडी परत सुरू झाली आणि मला वाटलं, याचं मनच कच्चं आहे.

मग गेल्या वर्षी एका दवाखान्यात चाललेल्या संशोधनाची माहिती मिळाली. तिथल्या डॉक्टर मेघा, वयाने माझ्या भाचीसारख्या, मराठीत सुरुवात करून हिंदीत शेवट करणाऱ्या. त्यांनी समजावून सांगितलं की जिभेखाली ठेवायची एक गोळी आहे, ती शरीराची तगमग शांत करते, ती नवीन नाही. अडचण वेगळीच आहे. "रोज लाइनमध्ये उभं राहून गोळी घ्यायची म्हटलं ना ताई, तर लोक मधेच सोडून देतात. आम्हाला बघायचंय, की हफ्त्याभराच्या गोळ्या घरच्या भरोशाच्या माणसाकडे दिल्या तर लोक टिकतात का." कोण रोज दवाखान्यात यायचं आणि कोणाला घरी गोळ्या मिळणार, हे बंद पाकिटावरून ठरायचं. आमच्या पाकिटातून 'घर' निघालं. भरोशाचं माणूस कोण, असं विचारल्यावर प्रदीप माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई."

त्या सकाळी अजून डोळ्यांपुढे आहेत. वंदना झाली की तो माझ्यासमोर सतरंजीवर बसे. मी कपाटाचं कुलूप काढून गोळी त्याच्या तळहातावर ठेवी. ती विरघळेपर्यंत दहा मिनिटं बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, असा नियम. इतकी वर्षं आम्ही एकमेकांशी भांडणाशिवाय दहा मिनिटं काढली नव्हती. आता तो डोळे मिटून बसे, आणि मीही. खिडकीतून कोवळं ऊन हळूहळू सतरंजीवर येई. स्टेशनावरच्या घोषणा लांबून, पाण्याखालून याव्यात तशा ऐकू येत. कधी कधी मला वाटे आपण महूच्याच घरात आहोत, बाहेर वडील सायकल पुसताहेत आणि हा तापाने माझ्या मांडीवर झोपलाय. डोळे उघडले की समोर पांढऱ्या दाढीचा माणूस असे. तरी ते स्वप्न पुरतं मोडत नसे. तीन महिन्यांत त्याचं अंग भरलं, झोप आली. विजय नगरला एका दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये तो अर्धा दिवस जाऊही लागला.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या मनाने फाटे फोडले. पाचवं शील म्हणजे मादक पदार्थांपासून दूर राहण्याचा संकल्प. तो माझ्या शेजारी बसून पुटपुटायचा, आणि लगेच मीच त्याच्या हातावर गोळी ठेवायची. एक नशा सोडवायला दुसरी कशाला, हा प्रश्न मला सारखा टोचायचा. मी डॉक्टरांना विचारलं नाही, विहारात विचारलं नाही. स्वतःच स्वतःची न्यायाधीश झाले. माघ पौर्णिमेला मी उपोसथाचं व्रत धरणार होते. दोन दिवस आधी त्याला म्हटलं, "प्रदीप, आजपासून गोळी राहू दे. पौर्णिमेला शुद्ध मनाने विहारात शील घे. एवढी शक्ती आता आली असेल तुझ्यात."

त्याने कपाटाच्या कुलपाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू बोलतेस तर ठीक आहे, ताई."

त्याच्या या बोलण्याचं मला केवढं कौतुक वाटलं! श्रद्धा म्हणतात ती हीच, असं वाटलं. पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी त्याला जांभयांवर जांभया येऊ लागल्या, नाक गळू लागलं, अंगावर काटा उभा राहिला. संध्याकाळी तो पाय आपटत भिंतीशी पडून होता. मी डोक्याला तेल चोळलं, वंदना म्हटली. तो एकदाही "गोळी दे" म्हणाला नाही. मीही दिली नाही. आज लिहिताना ते खोडावंसं वाटतं, पण दिली नाही हेच खरं.

पहाटे मी मूर्तीसमोर बसल्या बसल्या डुलकी घेतली असावी. झोपेत असं वाटलं की कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला सारतंय, दारातून वाट हवी असल्यासारखं. अगदी हलका हात होता. डोळे उघडले तर मेणबत्ती संपत आली होती, दार अर्धं उघडं होतं आणि प्रदीपचं अंथरूण रिकामं.

चप्पल घालायचं भान राहिलं नाही. बाहेर धुकं होतं. इंदूरला इतकं दाट धुकं क्वचितच पडतं. ओळखीच्या गल्ल्या अनोळखी झाल्या होत्या. दुकानांच्या पाट्या जवळ गेल्यावरच दिसायच्या आणि लगेच विरून जायच्या. कुठे शोधायचं ते ठाऊक नव्हतं. पाय जात होते तिकडे मी जात होते. ओठांवर त्रिशरण होतं, पण अर्थाकडे लक्ष नव्हतं. पुन्हा पुन्हा तेच शब्द येत होते, जसं बुडणारा माणूस हात मारतो. मनात एकच भीती. डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की मधे खंड पडून कुणी जुन्या मापाने पुडी घेतली तर शरीराला ती झेपत नाही, माणूस जातो.

स्टेशनाच्या मागच्या रस्त्याला, भिंतीच्या कडेला, मला एक आकृती दिसली. सफाईवाल्यांची कचऱ्याची हातगाडी, आणि तिची दांडी दोन्ही हातांनी धरून उभा असलेला माणूस. अंगावर शाल नाही, नखशिखांत थरथरतोय. जवळ गेले तर प्रदीप.

"चल घरी," मी त्याचा दंड धरला.

"थांब ताई. ही गाडी त्या बाईंची आहे. त्या येईपर्यंत हलता येणार नाही."

"कोण बाई?"

"झाडू मारत होत्या. मी इथे बसलो होतो. माझ्याकडे बघितलं आणि बोलल्या, भिया, जरा गाडी पकडना, मैं हाजिरी लगा के आती हूँ. गाडी हातात दिली आणि गेल्या. किती वेळ झाला, आल्याच नाहीत." त्याचे दात वाजत होते. "सोडून कसा जाऊ? भरोशाने दिलीय."

मग मीही दांडीला हात लावला. आम्ही दोघं धुक्यात ती गाडी धरून उभे होतो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. तो कण्हत होता, पण मूठ सैल करत नव्हता. मला मात्र आतून विलक्षण शांत वाटत होतं. असं वाटलं की काळ थांबलाय आणि आपल्याला फक्त उभं राहायचंय. बाकीचं आपल्याकडे नाही.

ती आली तेव्हा उजाडत होतं. पन्नाशीची, ठेंगणी, साडीवर केशरी जॅकेट, डोक्याला मफलर. "अरे, तुम अभी तक खड़े हो! बड़ी मेहरबानी भिया." एवढंच बोलून तिने दांडी हातात घेतली. तेव्हा प्रदीपने खिशातून एक कागदाची पुडी काढली. पुडी बंदच होती. तो तिला म्हणाला, "जीजी, ये किसमें डालूँ? गीला या सूखा?"

तिने पुडीकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे. तिला कळलं असणार. चेहऱ्यावर मात्र काही दाखवलं नाही. गाडीच्या कडेला अडकवलेल्या छोट्या काळ्या डब्याचं झाकण उघडलं आणि म्हणाली, "इसमें. ये खतरे वाले कचरे का है." त्याने पुडी टाकली. झाकण बंद झालं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ले जाओ इनको, ठंड लग रही है." आणि गाडी ढकलत धुक्यात निघून गेली. चाकांचा आवाज बराच वेळ येत होता.

घरी येऊन मी पहिला फोन डॉक्टर मेघांना केला. त्यांनी एकच विचारलं, "काही ओढलंय का त्यांनी?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग आत्ता गोळी द्या, आणि दोघंही इकडे या." मी कुलूप उघडलं. गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली आणि त्याच्या समोर बसून, आयुष्यात पहिल्यांदा, त्याच्या मनगटावर राहिलेल्या वळांच्या व्रणांना हात लावला. त्याला बोलता येत नव्हतं. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं.

दवाखान्यात दर आठवड्याचा फॉर्म भरायचा होता. या आठवड्यात किती दिवस गोळी दिली, असा प्रश्न होता. सात लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. मी पाच लिहिलं आणि कारण विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकलं: शील, उपोसथ, माझा अहंकार. वाटलं, आता आपल्याला काढून टाकतील. डॉक्टर मेघांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "ताई, घरच्यांना या गोळीबद्दल आतून काय वाटतं, हे आम्ही विचारतच नव्हतो. गोळ्या देऊन मोकळे होत होतो. हे लिहून घेऊ का मी?" त्यांनी माझं बोलणं अर्धा तास लिहून घेतलं. हा अपराध मी पदराखाली झाकायला निघाले होते, आणि तो त्यांना उपयोगी वाटला. पुढे वरिष्ठांची मंजुरी घेऊन त्यांनी सुरुवातीलाच घरच्या माणसाशी बसून बोलायचं ठरवलं.

त्याच संध्याकाळी विहारातल्या वृद्ध भन्तेजींना मी शीलाचं विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "ती गोळी घेतल्यावर त्यांचं भान जातं, की परत येतं?" मला त्या तीन महिन्यांच्या सकाळी आठवल्या. प्रदीप माझ्या शेजारी बसून पाचवं शील म्हणाला, स्पष्ट, मोठ्याने.

त्या बाईंना मी नंतर शोधलं. त्या रस्त्याला आता दुसऱ्याच बाई असतात. बीट, म्हणजे नेमून दिलेला रस्ता, बदलली असेल, म्हणाल्या. असेलही. मी पुढे चौकशी केली नाही. तिने गाडी दिली ती ओळखून दिली की सहज, हे मला ठाऊक नाही, आणि तिचे आभार मानायचे राहून गेले याची रुखरुख आहे. म्हणून रोज वंदनेनंतर नाव नसलेल्या तिच्यासाठी मंगल चिंतते.

संशोधन अजून संपलेलं नाही. घरी गोळ्या देणं बरं की रोजची लाइन बरी, ते त्यांनाही अजून सांगता येत नाही. माणसं मोजून, वाट बघून कळेल म्हणतात. इतकी शिकलेली माणसं इतक्या सहज "अजून माहीत नाही" म्हणतात, हे मला आधी विचित्र वाटायचं. आता वाटतं, मी जन्मभर शरणं गच्छामि म्हणत होते, पण काय व्हायला हवं ते आधी ठरवूनच मूर्तीपुढे बसत होते.

हल्ली डॉक्टर मेघा नवीन घरच्यांशी बोलायला मला बोलावतात. परवा एका टॅक्सीवाल्याची बायको आली होती, महूकडचीच. नवरा बाहेर बाकावर मान खाली घालून बसलेला. सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "ताई, म्हणजे हे नक्की बरे होतील ना?"

होय म्हणावंसं फार वाटलं. पण म्हटलं, "मला माहीत नाही गं. पण उद्या सकाळी तू त्यांना गोळी दिलीस की मला फोन कर. परवाही कर."

ती थोडा वेळ हातातल्या पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग उठली, बाहेर गेली आणि बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसली. आधी जरा अंतर ठेवून. मग सरकून जवळ. मी आतूनच हात जोडले.