दर वेळी सोळा अक्षरं

ज्योत्स्नानं फाइल सेव्ह केली आणि पडद्यावर परत तीच चौकट आली: पासवर्ड द्या. सोळा अक्षरांचा पासवर्ड. फाइल उघडली की मागणार, सेव्ह केली की मागणार. तीनदा चुकला तर अर्धा तास कुलूप. सकाळपासून दोनदा कुलूप लागलं होतं.

आंबीच्या कारखान्यात प्लास्टिकचे भाग बनवणारी सहा यंत्रं होती. प्रत्येकाशेजारी एक संगणक, त्यात त्या यंत्राच्या तापमानाच्या फाइली. ज्योत्स्ना वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून त्या बदलायची. उद्या सकाळी तिच्या वडिलांचं तळेगावात मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तिचे वरिष्ठ राजेंद्र सर म्हणाले होते, "सहाही यंत्रांच्या फाइली उरक आणि खुशाल रजा घे." चार वाजत आले, तरी दोनच उरकली होती.

वडिलांचा, श्रीपतींचा, फोन आला. खंडाळ्याच्या घाटात तीस वर्षं रुळांवर काम केलेला माणूस, आता घोरावाडीच्या घरातसुद्धा भिंत धरून चालायचा.

"सुटलीस का गं?"

"न्हाई आबा. सारखं पासवर्ड मागतंय."

"तुला? रोज जातीस की तितं. अजून वळखत न्हाई व्हय?"

ओळखायला हवं होतं खरं. पासवर्डाऐवजी चालणारी किल्ली, म्हणजे एक छोटीशी फाइल, तिनं प्रत्येक संगणकावर ठेवली होती. दुपारी ती नव्यानंही बनवून पाहिली. चौकट हटेना. शेवटी ती खाली उतरली आणि तिसऱ्या यंत्राच्या संगणकावरच, कुणी कधी आत यायचा प्रयत्न केला याच्या त्यानं ठेवलेल्या नोंदी उघडून बसली. तिच्या प्रत्येक प्रयत्नापुढे एकच कारण होतं: या खात्याच्या फोल्डरमध्ये कुणीही लिहू शकतं, म्हणून किल्ली अमान्य.

ते तिनंच केलं होतं. ऑपरेटर कोंडाजी शिफ्टच्या नोंदी ठेवायला जागा मागत होते. "पोरी, आमाला बी एक कोपरा दे की." तिनं आपलं अख्खं फोल्डरच सगळ्यांना मोकळं करून दिलं होतं. जिथं कुणीही येऊन किल्ली बदलू शकतं, तिथली किल्ली संगणक कशाला मानेल?

तिनं कोंडाजींना वेगळं फोल्डर दिलं, आपलं बंद केलं. सहाही संगणकांवर. वर येऊन फाइल सेव्ह केली. चौकट आली नाही. साडेपाचला सहावं यंत्रही उरकलं.

सर मागेच उभे होते. "म्हणजे आता पासवर्डाशिवाय कुठूनही करता येईल?"

"हो सर," ती आनंदात बोलून गेली.

"मग उद्या लॅपटॉप ने बरोबर."

"सर, उद्या माझी रजा..."

"रजा आहेच की. लागलंच तर म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता डोळ्यावर पट्टी बांधलेले आबा बाहेर आले, तेव्हा बाकावर बसलेल्या ज्योत्स्नाच्या मांडीवर लॅपटॉप होता. सरांनी सकाळपासून सांगितलेल्यांपैकी चौथी फाइल उघडली होती.

"अजून मागतंय व्हय ते?" आबांनी विचारलं.

"न्हाई आबा. आता काहीच मागत न्हाई."

"मग ऊठ की."

ती उठली. लॅपटॉप तसाच उघडा एका हातावर तोलला, आणि दुसऱ्या हातानं आबांचा दंड धरला.