ठकूमावशींचं सोवळं

ठकूमावशींची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी चारचौघांत माझी चूक काढली तेव्हा. कोरोनाचा पहिला उन्हाळा होता. शाळा बंद होत्या आणि आम्हा शिक्षकांना घरोघरच्या पाहणीला जुंपलं होतं. माझी बदली नुकतीच घोड नदीकाठच्या एका लहान गावात झाली होती. शिरूरहून स्कूटरवर जायचे, पंधरा-वीस माणसांना ग्रामपंचायतीपुढे लांब लांब उभं करायचे आणि मास्क कसा लावायचा ते दाखवायचे. नाक झाकलं पाहिजे, हनुवटी आत गेली पाहिजे, पुढून हात लावायचा नाही, काढताना फक्त कानामागच्या दोऱ्या धरायच्या. मागच्यांना ऐकू जावं म्हणून हे सगळं मी मास्क गळ्यात ओढून सांगत होते.

मागून एक उंच, काटक बाई म्हणाली, "बाई, समदं पटलं. पर तुमचा तर गळ्यात हाय."

लोक हसले. मी घाईघाईनं मास्क वर ओढला.

"आन् आता म्होरनं धरला," ती बाई तितक्याच शांतपणे म्हणाली.

ही बाई आमच्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवते, हे मला नंतर कळलं. सगळं गाव त्यांना ठकूमावशी म्हणायचं. सासरी पूर्वी मेंढरं होती. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्या दरवर्षी कळपामागून कोकणात उतरत आणि पावसाच्या तोंडावर परत येत. मग मेंढरं विकली, दोन एकर जमीन घेतली आणि घर एका जागी आलं. सही करण्यापुरतं अक्षर येत होतं, पण ऐकलेलं एक वाक्य त्या विसरत नसत. मी त्या दिवशी जे शिकवलं ते गावात दोन महिने टिकलं आणि ठकूमावशींकडे कायमचं राहिलं.

शाळा उघडल्या, मास्क लोकांच्या खिशांतून आणि मग घरांतूनही गेले, तरी त्या स्वयंपाक करताना लावायच्याच. आधी साबणानं हात. मग दोऱ्या धरून मास्क चढवायचा, नाकावर दाबून बसवायचा, आणि एकदा बसला की त्याला बोट लावायचं नाही. वाफेनं ओला झाला की दुसरा. दोन्ही घरी नेऊन गरम पाण्यात उकळायचे आणि उन्हात टाकायचे. मी एकदा म्हटलं, "मावशी, आता नाही लावला तरी चालतो." त्या म्हणाल्या, "पोरांच्या पातेल्यावर मी बोलती, शिंकती. आपलं तोंड आपल्याला कुठं दिसतं, बाई?" गावातल्या बायका ह्याला 'ठकूबाईचं सोवळं' म्हणून हसायच्या. मीही हसत असे. हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सांगायला त्याहून अवघड आहे.

एका हिवाळ्यात मला खोकला लागला आणि जाईना. संध्याकाळी कणकण यायची, साड्यांचे ब्लाउज सैल व्हायला लागले. शिरूरमध्ये डॉक्टरांपासून कंपाउंडरपर्यंत सगळे ओळखीचे, म्हणून मी माहेरी दौंडला जाऊन दाखवलं. टीबी निघाला. डॉक्टरांनी नीट समजावलं: गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, पहिले काही आठवडे घरी राहायचं, माणसांत मास्क लावायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या. घरी येऊन आईला सांगितलं तर तिनं आधी उठून दार-खिडक्या लावून घेतल्या. धाकट्या बहिणीचं कारेगावकडच्या एका घरी जमत आलं होतं. मोठीला टीबी आहे असं कळलं असतं तर त्या लोकांनी चहा न पिताच पाय काढला असता. "कुणापाशी बोलू नको," एवढंच आई म्हणाली. मी नवऱ्याला सांगितलं, त्यानं तपासणी करून घेतली, आणि आम्हा तिघांच्या पलीकडे ती गोष्ट गेली नाही.

जास्त रजा घ्यायची तर दाखला द्यावा लागणार आणि दाखल्यावर आजाराचं नाव येणार. म्हणून सहा दिवसांची रजा काढली आणि सातव्या दिवशी मास्क लावून शाळेत गेले. धुळीची ॲलर्जी आहे, असं सांगितलं. त्या दोन शिक्षकी शाळेची मुख्याध्यापक मीच, त्यामुळे विचारणारं कुणी नव्हतं. मास्क होता, पण कसा? तोच चार-चार दिवस, पर्समध्ये कंगव्याशेजारी कोंबलेला. धडा वाचताना खाली, फोन आला की खाली, कुणी वडीलधारं समोर आलं की मान म्हणूनही खाली. ज्या वेळी तोंड झाकायला हवं नेमक्या त्याच वेळी मी ते उघडं करत होते.

सगळ्यांत वाईट जागा होती ती स्वयंपाकाची खोली. पोरांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची, असा नियम आहे. खोली एवढीशी, राख उडते म्हणून दार लोटलेलं. मी रोज आत जायचे, मास्क काढायचे, चमचाभर खिचडी खायचे, दोन गोष्टी बोलायचे, धुरानं ठसकायचे आणि खोकायचे. ठकूमावशी पाण्याचा तांब्या पुढे करायच्या.

त्यांची लेक कांता दौंडला दिलेली. एका रविवारी मी त्या डॉक्टरांकडून गोळ्यांची पिशवी घेऊन बाहेर पडले तर समोरच्या रसवंतीपाशी ठकूमावशी उभ्या. मी ओळख न दाखवता वळले. त्यांनीही हाक मारली नाही.

सोमवारी दुपारी मी खोलीकडे गेले तर बाहेर पायरीवर एक ताटली झाकून ठेवलेली होती, शेजारी चमचा आणि पाणी. ठकूमावशी दारात आल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "बाई, थोडे दिस चव हितंच घ्या. मोकळ्या हवेत. आत येऊ नगा."

"का?"

"आमच्यात मेंढरू खोकाया लागलं की सासरा त्याला कळपातनं काढून येगळं बांधायचा. बरं झालं की परत आत. त्यात त्याचा काय अपमान नसायचा. मेंढराला लाज नसती बगा, ते उघड खोकतं. म्हणून बाकीची वाचत्यात." मग जरा थांबून म्हणाल्या, "मी कुणाला बोलणार न्हाई. तुमी फकस्त तो मास्क नीट लावा. तुमीच तर शिकवलंया."

इतकं मायेनं मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मला राग आला. माझी ताटली वेगळी, पायरीवर, जशी दारातल्या भिकाऱ्याला ठेवतात. एम.ए. बी.एड. झालेल्या बाईला खिचडी शिजवणारीनं शहाणपण शिकवायचं? मी म्हटलं, "मावशी, तुम्ही तुमचं काम करा. मला ॲलर्जी आहे." आणि त्यांना बाजूला सारून आत गेले, मास्क हनुवटीखाली ओढला, पातेल्याशी उभी राहून मुद्दाम दोन चमचे खिचडी खाल्ली. त्या माझ्यामागून आत आल्या. त्यांचा मास्क नाकावर नीट बसलेला होता. पण तो त्यांच्या हातानं शिवलेला साधा कापडी मास्क, आणि खोलीत हवा म्हणून नव्हती. पुढचे पंधरा दिवस मी रोज तसंच केलं. ताटली मात्र रोज पायरीवर असायची, आणि मी ती रोज ओलांडून जायचे. आज त्या बाईचा विचार करते तेव्हा, म्हणजे माझाच, कानशिलं तापतात.

मी सहा महिन्यांत बरी झाले. बहिणीचं लग्न थाटात झालं. पुढच्या हिवाळ्यात ठकूमावशी खोकायला लागल्या.

त्यांना आधीपासून साखर होती, त्यामुळे अंगात जोर कमीच. पण खोकल्याला दोन आठवडे व्हायच्या आत त्या स्वतः सरकारी दवाखान्यात गेल्या आणि बेडका तपासायला देऊन आल्या. निकाल आला त्या सकाळी त्या शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, मास्क लावून, आत न येता. पोरांना सोडायला आलेल्या आयांसमोर खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मला टीबी निघालाय. गोळ्या चालू केल्यात. डाक्टर हां म्हंत्याल तवाच चुलीपाशी येईन. माझ्याजवळ कुणाचं पोर बसलं असंल तर तपासून घ्या." मी व्हरांड्यात हजेरीची वही घेऊन उभी होते. जे मला वर्षभरात जमलं नव्हतं ते त्यांनी फाटकाबाहेर उभं राहून चार वाक्यांत केलं. मुलांची तपासणी झाली आणि देवाच्या कृपेनं, म्हणजे खरं तर वर्गाच्या मोठ्या खिडक्यांच्या कृपेनं, कुणालाही काही निघालं नाही. त्या रात्री मी पोटभर जेवले, हेही लिहून ठेवते.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांना लिहून दिलं: आता ह्यांच्यापासून कुणाला धोका नाही, काम करू शकतात. तो कागद घेऊन त्या शाळा समितीच्या बैठकीला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. पालक ऐकेनात. टीबीवाल्या बाईच्या हातचं आमची पोरं खाणार नाहीत, हा एकच धोशा. अन्नातून तो पसरत नाही, हे मला माहीत होतं. त्याहून जास्त माहीत होतं. माझ्या एका वाक्यावर सगळं फिरलं असतं: 'मलाही झाला होता, मी ह्याच शाळेत होते, आणि आज तुमच्यापुढे बरी होऊन बसले आहे.' बहिणीचं लग्न होऊन गेलं होतं, ते कारणही उरलं नव्हतं. उरली होती फक्त माझी लाज.

अध्यक्ष आप्पा माझ्याकडे वळले. "बाई, तुमी शिकल्या-सवरलेल्या. तुमचं काय म्हननं हाय?"

मी समोरच्या कागदांची चळत सारखी केली.

दारातून ठकूमावशी म्हणाल्या, "बाईंना कशाला मधी घेता, आप्पा? त्यास्नी पोरं सांभाळायची हायत. तुमी ठरवा, मी जाती."

मग मी म्हणाले, "समिती ठरवेल ते मला मान्य आहे." पुढच्या महिन्यात चुलीपाशी दुसरी बाई आली.

त्यांचा औषधांचा कोर्स पुरा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. माझ्यासाठी पोतं अंथरलं. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "मावशी, तुम्हाला तो माझ्यामुळं झाला." मला वाटलं होतं त्या म्हणतील, तसं काही मनात आणू नका. रोग कुठून आला कुणाला ठाऊक, असं म्हणतील. तेवढ्यासाठीच तर गेले होते.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मला बी तसंच वाटतंय."

शेंगा फोडणं थांबलं नाही. मला रडू आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग, बाई? मला ठावंच हुतं. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा. गाव अजून माझ्या हातचं पाणी घेत न्हाई."

"सांगते," मी म्हणाले. जाताना त्यांनी मूठभर शेंगा दिल्या. समितीची पुढची बैठक झाली, त्याच्या पुढचीही झाली. मी सांगितलं नाही.

त्या दौंडला कांताकडे गेल्या असताना हृदयविकारानं गेल्या. टीबी कधीच बरा झाला होता, तसा शेवटचा रिपोर्टही होता. तेराव्याला मी त्यांच्या गावातल्या घरी गेले. अंगणात पंगत मांडली होती आणि पानं रिकामी होती. बायका भिंतीच्या कडेनं उभ्या. कुणाला एसटी गाठायची होती, कुणाचा उपास निघाला. "टीबीनं गेली न्हवं का ती," एक बाई दुसरीला हळू म्हणाली, पण कांताला ऐकू गेलं. ती वाढायचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. आयुष्यभर गावच्या पोरांना जेवू घातलेल्या बाईच्या घरी जेवायला माणूस बसेना.

मी पानावर जाऊन बसले. आप्पा आणि अजून दोघी-तिघी संकोचानं बसले. मग मी म्हणाले, पाठ केलेलं नव्हतं म्हणून अडखळत, "त्या टीबीनं गेल्या नाहीत. त्या पूर्ण बऱ्या झाल्या होत्या. टीबी मला होता. मी तो लपवून शाळेत आले, त्यांच्या खोलीत तोंड उघडं टाकून खोकले, आणि माझ्यापासून त्यांना झाला. त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

आप्पांनी मान खाली घातली. कांता माझ्यासमोर आली, माझ्याकडे न बघता पानावर भात वाढला आणि पुढे गेली. मी बरी होऊन तीन वर्षं झाली होती, तरी माझ्या शेजारी बसलेली बाई आपलं पान घेऊन हातभर लांब सरकली. ठकूमावशींनी हे हातभर अंतर मरेपर्यंत सोसलं होतं, माझं नाव न घेता. मी पहिला घास उचलला आणि सगळ्यांसमोर खाल्ला.