घरकामात नापास

"आधी लिहून घ्या," सर म्हणायचे आणि उजव्या हाताचं बोट वर करायचे. ते बोट खाली येईपर्यंत वर्गात कोणी कशालाही हात लावायचा नाही. एकदा ते मुलींना 'दूध उतू जाऊ नये म्हणून घ्यावयाची काळजी' सांगत होते. एकूण मुद्दे चार. तिसऱ्या मुद्द्याला स्टोव्हवरचं पातेलं फसफसलं. पुढच्या बाकावरची मुलगी कळवळून म्हणाली, "सर, दूध उतू जाऊन राह्यलं!"

"चौथा मुद्दा राहिलाय. आधी लिहून घ्या."

चौथा मुद्दा होता, 'लक्ष दुसरीकडे जाऊ देऊ नये.' तो लिहून होईपर्यंत दूध टेबलावरून सरांच्या चपलेत गेलं होतं.

तुम्ही म्हणाल, हा माणूस गृहशास्त्राकडे वळलाच कसा? तो वळला नव्हता, त्याला वळवलं होतं. छप्पन साली आम्ही आर्णीकडची माणसं जागची हललो नाही, पण आमचं राज्य बदललं. कालपर्यंत मध्य प्रदेशात होतो, ते मुंबई राज्यात गेलो. पाठोपाठ हायस्कुलात कागद आला की मुलींना गृहशास्त्र शिकवावं. त्यासाठी बाई हवी होती. एक बाई आल्याही, पण मोटार स्टँडवरची धूळ पाहून त्याच मोटारीनं परत गेल्या. मग हेडमास्तरांनी सरांना बोलावलं. सर इतिहास शिकवायचे, वय पन्नाशीला टेकलेलं, लग्न केलेलं नव्हतं.

"तुम्ही एकटे राहता. म्हणजे घरातलं सगळं तुम्हालाच करावं लागत असणार," हेडमास्तर म्हणाले.

वास्तविक सर दोन्ही वेळा खानावळीत जेवत, कपडे परटाकडे देत आणि खोली घरमालकीण झाडून घेई. चूल त्यांनी लांबूनच पाहिली होती. पण वरून आलेल्या कामाला नाही म्हणायचं असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पुस्तक मुंबईकडचं होतं. त्यात 'ताजे पापलेट कसे ओळखावे' असा एक धडा होता. सर माझ्याकडे आले. मी भूगोल शिकवायचो, म्हणून ते मला 'भूगोल' अशीच हाक मारत. "अहो भूगोल, नकाशा घेऊन वर्गात चला. समुद्र तुमच्या खात्यात येतो." मी समुद्र दाखवला, सरांनी पापलेटचे डोळे कसे असावेत ते सांगितलं आणि ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या तीस मुलींनी ते मुकाट्यानं उतरवून घेतलं.

हसू येतं, पण माणूस कमालीचा सचोटीचा होता. एका मुलीचा अर्धा गुण बेरजेत सुटला, तेव्हा भर उन्हात सायकल मारत तिच्या घरी जाऊन सांगून आला होता.

त्या वर्गात झमकू होती. जवळच्या बंजारा तांड्यातली, हायस्कुलापर्यंत पोचलेली तिथली पहिलीच मुलगी. पहाटे उठून नऊ माणसांच्या भाकरी थापायची आणि दोन कोस चालत शाळेत यायची. नववीच्या परीक्षेत प्रश्न होता : अचानक पाहुणे आल्यास गृहिणीने काय करावे? पुस्तकात सात मुद्दे होते. पहिला, फुलदाणीतील फुले बदलावीत. झमकूनं एका ओळीत लिहिलं, 'डाळीत पाणी घालावे व हसत दारात जावे.'

सर तो पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आले. "उत्तर बरोबर आहे हो. पण पुस्तकात नाही." आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेतात असताना त्यांनी शून्य दिलं. बाकी सगळ्या विषयांत झमकू पास, गृहशास्त्रात तेवढ्या गुणांनी नापास.

निकाल तांड्यावर पोचला तेव्हा शास्त्र वाटेत गळून पडलं होतं आणि नुसतं घर उरलं होतं. झमकू घरकामात नापास झाली! तिची सोयरीक महागावकडच्या एका तांड्यावर ठरत आली होती. तिकडेही बातमी गेली आणि मुलाकडचे बिचकले. दुसऱ्या दिवशी तिचे वडील थेट आमच्या टीचर्स रूममध्ये उभे.

"आठव्या वर्षापासून माही छोरी चूल सांभाळते. तिले घरकामात नापास काहून केलं?"

सर मुद्दे सांगू लागले. फुलदाणीपाशी वडिलांनी त्यांना थांबवलं.

"मास्तर, तुमाले भाकर थापता येते काय?"

"नाही," सर म्हणाले. खोटं बोलायचं त्यांना सुचलंही नाही.

"मंग रविवारी तांड्यावर या. तिच्या हातचं खा. पोराकडचे बी येतीन. त्याईच्या म्होरं सांगा पास का नापास."

सर खजील झाले होते. आपल्या शून्यानं एका मुलीचं नाव खराब झालं, हे त्यांना खात होतं. रविवारी मला सायकलवर डबलसीट घेऊन निघाले, वाटेत चारदा म्हणाले, "आज पास करून टाकतो. उघडपणे, चारचौघांत."

तांड्यावर बाजेवर घोंगडी अंथरलेली. मुलाकडचे पाचसहा जण फेटे बांधून बसलेले. झमकू आमच्या हातावर पाणी घालायला आली. पाणी घालता घालता मान खाली ठेवूनच म्हणाली, "सर, पास करू नका."

सरांचे हात तसेच ओले राहिले.

"पास केलं तं येत्या चैतात लगीन. मले मॅट्रिक व्हायचं हाय."

एवढंच बोलून ती आत गेली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भूगोलाचा माणूस, मी दूर टेकडीकडे पाहिलं.

पितळी आली. ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, तुरीचं वरण, ठेचा. सर पहिल्या घासाला थांबले. मग असे जेवू लागले की मला जरा लाजच वाटली. पहिली भाकरी संपली, दुसरीही संपली. तिसरी घेऊन झमकू समोर उभी राहिली, तेवढ्यात तिच्या वडिलांनी विचारलं, "हं, मास्तर. बोला आता."

सगळे फेटे वळले. सरांनी पितळीतलं उरलंसुरलं वरण बोटानं पुसून घेतलं. मग म्हणाले, "नापास."

झमकू तिसरी भाकरी तशीच घेऊन आत गेली. मुलाकडचा म्हातारा उठला. "सरकारी मानूस खोटं कायले बोलन?" म्हणाला आणि मंडळी बैलगाडीकडे चालू लागली. वडिलांनी आम्हाला पाणीही विचारलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र ते झमकूला घेऊन शाळेत हजर. "शिकवा हिले घरकाम. शिकल्याबिगर सोडू नका."

अशा रीतीनं घरकाम शिकायला म्हणून झमकू मॅट्रिकपर्यंत शाळेत राहिली. सरांनी तिला शाळेच्या प्रत्येक परीक्षेत गृहशास्त्रात नापास केलं. एका विषयासाठी वर्ग अडत नसे. पण दर खेपेला तिचा पेपर तपासून झाला की सर त्या दिवशी खानावळीत जेवायला जात नसत. मॅट्रिकला तो विषय तिनं घेतलाच नाही, उत्तम पास झाली आणि मास्तरणीच्या ट्रेनिंगला यवतमाळला गेली. तोवर आम्हाला खरोखरीची बाई मिळाली आणि सर इतिहासात परतले. निवृत्त होऊन ते अमरावतीला भावाकडे गेले आणि दोन वर्षांत वारल्याचं पत्र आलं. मी ते पत्र वर्गाबाहेर उभं राहून वाचलं आणि मला रडू आलं.

सर आठवले की मला त्या रविवारचा परतीचा रस्ता दिसतो. तांडा मागे पडल्यावर नाल्याच्या पुलाशी त्यांनी सायकल थांबवली आणि कठड्यावर बसले. मला वाटलं, जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले, त्याचं लागलं असेल. म्हणून समजूत घालायला म्हटलं, "सर, तिला तेच हवं होतं."

"ते कळतं हो मला."

"मग?"

सरांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"खानावळीत तीस वर्षं काढली, भूगोल. गरम भाकरी कोणी अशी समोर उभं राहून वाढली नव्हती. तिसरी आणली होती तिनं. नापास म्हटल्यावर कोणत्या तोंडानं घेणार?"