स्वच्छ चिमणीचे दिवस

माझी भाची औष्णिक वीज केंद्रात इंजिनिअर आहे. परवा तिने मला बॉयलरच्या झरोक्याशी उभं केलं आणि डोळ्यांपुढे काळी काच धरली. आत कोळसा पांढराशुभ्र पेटला होता.

"काय लखलखीत जाळ आहे गं!"

"मामा, तेच वाईट. एवढ्या आचेत नुसता कोळसा नाही, हवासुद्धा जळते. तिचा विषारी वायू होतो आणि चिमणीतून तो दिसतही नाही."

हवा जळते? मी पुन्हा झरोक्यातून आत पाहिलं. तिने फोनवरून सांगून जाळाची हवा कमी करवली, उरलेली जाळाच्या वरून सोडायला लावली. जाळ हळूहळू नारिंगी, सुस्त झाला. "आता बरा," ती म्हणाली.

बाहेर येऊन मी चिमणीकडे बघतच राहिलो. आम्ही हिच्याच सावलीत वाढलो. माझ्या बहिणीला, म्हणजे भाचीच्या आईला, लहानपणापासून दमा. काळा धूर दिसला की आई धावत खिडक्या लावायची. आणि ज्या दिवशी चिमणीतून काहीच निघताना दिसत नसे, त्या दिवशी ती बहिणीला हौसेनं गच्चीवर न्यायची. म्हणायची, "आज हवा स्वच्छ आहे बाळा, घे, छाती भरून घे."