भागरताबाईचा दसरू

लाखांदूरच्या टुरिंग टॉकीजचा खेळ सुटला, की तंबूच्या दाराशी भागरताबाई उभी दिसायची. डोळे पुसत बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला अडवून सांगायची, "तसं नोहे जी, तसं नाई झालं. तोंडावर देवीचे वन होते त्याईच्या, भवईत खोक होती." लोक हसत आपापल्या बैलगाड्यांकडे पळायचे.

पडद्यावर दाखवत होते तो तिचा नवरा, दसरू. आमच्या घाटावर तो डोंगा चालवायचा. मी गावच्या शाळेवर मास्तर. दर शनिवारी त्याच्याच डोंग्यातून वैनगंगा ओलांडायचो. महापुरात त्याने खेपा घालून घालून अर्धं गाव पलीकडच्या टेकाडावर नेलं आणि शेवटच्या खेपेला गेला तो परतलाच नाही. ही हकिगत वर्तमानपत्रातून मुंबईला पोचली. तिथून एक सिनेमावाले गृहस्थ आले, भागरताबाईच्या ओसरीवर बसले, सगळं तपशिलाने ऐकून गेले. आणि केलं काय? नायक गोरापान, गळ्यात लाल रुमाल, बिनलग्नाचा! पुराच्या पाण्यात नायिकेबरोबर गाणं म्हणतो आणि हसत हसत मरतो. भागरताबाई त्या सिनेमात औषधालाही नव्हती.

"मले नाई दाखवलं तं नाई दाखवलं," ती म्हणायची, "पन ते हासत नाई गेले, गुर्जी. भेत होते. हात कापत होते त्याईचे. मी पेज देल्ली तं पेले नाई. तरी गेले." मला विचाराल तर तो कापणारा माणूस त्या लाल रुमालवाल्याहून कितीतरी मोठा होता. पण त्याच्यासाठी तिकीट कोण काढणार?

तंबूच्या मालकाने हेच तिला तोंडावर सांगितलं. "बाई, खरं पाहाले लोक इथं काहून येतीन? खरं तं घरीच हाये. इथं दोन घडी मन रमवाले येतेत." माणूस वाईट नव्हता, तिला फुकट आत सोडायचा.

"रमवा न बापा," ती म्हणाली. "गानं टाका, नाच टाका. पन मानूस तं ज्याचा त्याले ठेवा!"

खरी पंचाईत पुढेच झाली. पुराच्या तिथीला गावाने घाटावर दसरूच्या नावाने पूजा करायची ठरवली. पूजेला फोटो हवा, आणि दसरूने तर जन्मात फोटो काढला नव्हता. मग गावच्या उत्साही मंडळींनी पोस्टरवरचा नायक कापला, चौकटीत बसवला आणि त्याला झेंडूचा हार घातला. भागरताबाई नारळ घेऊन आली ती थबकलीच.

"हा कोन होय जी?"

"अवं, दसरूच तं होय," सरपंच म्हणाले. "तुह्यापाशी दुसरा फोटो असन तं दे, आत्ताच बदलतो."

कुठून देणार बिचारी? तिने नारळ फोडला. मग दरवर्षी त्याच गोऱ्या नायकापुढे तिला हात जोडावे लागले. हळूहळू म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडीही गाणं म्हणणारा दसरू आला. एकदा तर पाणी भरताना गावातल्या एका नव्या सुनेने तिलाच सांगितलं, "आजी, तुमचे बुढे लय हासरे होते म्हनतेत." भागरताबाईने घागर उचलली आणि चालू लागली. तंबूच्या दाराशी जाणंही तिने सोडलं. मूलबाळ नाही, आणि नवऱ्याची आठवण काढायला सोबतीला कोणी नाही. भरल्या गावात इतकं एकटं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. चहा दिला, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग एकदम सूप बाजूला ठेवलं.

"जाऊन राहिले न, गुर्जी? एक विचारू? तुमी त्याईले पाह्यलं होतं. तोंड कसं होतं जी त्याईचं? मी डोरे मिटले का तो लाल रुमालवालाच येते. आमचेवाले येतच नाईत."

मी डोळे मिटले. देवाशपथ सांगतो, मलाही तो लाल रुमालवालाच दिसला.

"देवीचे वण होते तोंडावर," मी म्हणालो. "आणि भुवईत खोक होती."

"होती न? खोक होती न?" तिचा चेहरा उजळला. "तुमाले अजून ध्यानात हाये! आता येतीन जी, आता येतीन ते."

तिने डोळे मिटून घेतले. वण काय नि खोक काय, तिनेच मला तंबूच्या दाराशी सांगितलं होतं. तेवढं मात्र मी तिला सांगितलं नाही.