रशिदाभाभींचा डबा आणि गोरखमामांचा फेटा

कामशेतच्या बाजारपेठेत इकबालभाईंचा फोटो स्टुडिओ कुठं आहे असं विचारलं, तर लोक बसल्या जागेवरून हात करून दाखवतात. "रशिदाभाभींचा डबा कुठं आहे?" असं विचारलं, तर मात्र दुकान तसंच टाकून सोबत चालू लागतात. आता यात इकबालभाईंना वाईट वाटत असेल तर वाटो. पंचवीस वर्षं लग्नांचे फोटो काढणारा माणूस तो, आणि नाव झालं ते बायकोच्या डब्याचं!

हा डबा काही जेवणाचा नव्हे. काळा, खोक्यासारखा, पुढून दोन छोटी दारं. प्रत्येक दारामागं एकेक डिस्क. एकीवर जे उमटतं तेच आपोआप दुसरीवरही उमटतं, म्हणजे एक गेली तरी दुसरी शाबूत. डब्याची वायर राउटरला जोडलेली, त्यामुळं गल्ल्यावरचा कॉम्प्युटर, आतल्या खोलीतला एडिटिंगचा कॉम्प्युटर आणि माडीवरच्या घरातला टीव्ही, तिन्हींवरून त्यातलं सगळं दिसतं. भाभी गिऱ्हाइकाला हे फार सोपं करून सांगतात. "एकच जिन्नस दोन फडताळांत ठेवायचा. आणि फडताळ असं, की घरातल्या सगळ्यांना आपापल्या जागेवरून उघडता आलं पाहिजे."

पूर्वी असं नव्हतं. इकबालभाईंच्या सगळ्या सुट्या डिस्क बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात पडलेल्या असत. मावळातली पावसाळी हवा चपलेलासुद्धा बुरशी आणते, तिथं डिस्कची काय कथा. एका आषाढात एक डिस्क बसली, आणि तिच्यासोबत आंदर मावळातल्या एका मुलीचं अख्खं लग्न गेलं. हे त्या घरी जाऊन सांगायची वेळ आली, तेव्हा इकबालभाईंना नेमकं लोणावळ्याला फार जरुरीचं काम निघालं. शेवटी भाभी गेल्या. एसटीनं जेवढं जाता येईल तेवढं गेल्या आणि पुढं चिखल तुडवत गेल्या. त्यांनी वाटेत शिव्या ऐकायची तयारी केली होती. पण मुलीच्या आईनं त्यांना चहा दिला, पाय पुसायला फडकं दिलं, आणि एवढंच विचारलं, "काईच न्हाई का हो उरलं?"

शिव्या परवडल्या असत्या. घरी येऊन भाभींनी मुलाला, झुबेरला, समोर बसवलं. झुबेर तळेगावच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. "पुन्हा मला कुणाच्या दारात असं जायचं नाही. काय करायचं ते सांग," असं त्या म्हणाल्या, आणि डबा आला. झुबेरनं तो जोडून दिला, पण सांभाळायला शिकल्या त्या भाभीच. चुकल्या, रडकुंडीला आल्या, पुन्हा शिकल्या. गावागावाचे कप्पे पाडले, लग्नं लावून ठेवली. वर आणखी एक वेगळी डिस्क घेतली. तिच्यावर सगळं उतरवून त्या ती इंदुरीला आईकडं ठेवून येत. कुठं ठेवत? तर आईच्या, म्हणजे नूरबींच्या, तांदळाच्या पिंपात, हवाबंद डब्यात घालून, कोपरापर्यंत खोल. झुबेर हसला. भाभी म्हणाल्या, "ज्या पिंपात तांदळाला ओल लागत नाही, त्यात डिस्कला कशी लागेल?"

भाभींचा एक हट्ट मात्र इकबालभाईंच्या डोक्यात जाई. फिल्म कापून गिऱ्हाइकाला दिली, तरी कापून टाकलेलं काही त्या पुसू देत नसत. हललेलं, वाकडं, निरर्थक, सगळं डब्यात.

"लोकांच्या पाठी नि कोपरं साठवून ठेवतेस," इकबालभाई म्हणत.

"असू दे. खायला मागत नाहीत," भाभी म्हणत.

यंदा खंडेनवमीला या डब्यावर संकट आलं, आणि तेही भक्तिभावातून. स्टुडिओत जानूभाऊ म्हणून फ्रेमा बसवणारे गृहस्थ आहेत, इकबालभाईंच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. मालक मुसलमान असले तरी खंडेनवमीला दुकानातल्या हत्यारांची पूजा जानूभाऊंनीच करायची, हा रिवाज कुणी मोडलेला नाही. कॅमेरे, दिवे, कात्र्या, हातोडी, सगळ्यांना गंध-फूल होतं. यंदा त्यांच्या मनात आलं, वर्षभर खरं राबतं ते डब्यातलं यंत्र, आणि आपण मात्र वरच्या पत्र्यालाच कुंकू लावतो. त्यांनी दारं उघडली, चालू डब्यातून दोन्ही डिस्क ओढून काढल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या, हळदकुंकू वाहिलं, पाटावर मांडल्या आणि संध्याकाळी पुन्हा आत सारल्या. भाभी माडीवरून खाली आल्या तेव्हा डबा लाल दिवा लावून टीं टीं करत होता, आणि जोडणीच्या फटीतसुद्धा कुंकू बसलं होतं.

"आंघूळ नको का त्येला? वर्षाचं कष्ट हायेत," जानूभाऊ म्हणाले. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

भाभींना रागही आला आणि हसूही आलं. त्यांनी डबा बंद केला. झुबेर तो पुण्याला एका जाणकाराकडं घेऊन गेला. आतलं निघेल बहुतेक, पण वेळ लागेल, तोवर डबा इथंच राहू दे, असं त्या माणसानं सांगितलं. डब्याची जागा रिकामी राहिली आणि भाभी तिच्याकडं बघायचंच टाळू लागल्या.

दिवाळी सरली आणि एका सकाळी आंदर मावळातल्या कैलासभाऊंची बायको अनिता आणि धाकटी लेक सृष्टी दुकानात आल्या. सृष्टीचं लग्न ठरलं होतं. भाभींनी तोंड गोड करायला बर्फी पुढं केली, तर पोरीच्या डोळ्यांत पाणी.

भांडण जुनं होतं. सृष्टीच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात माईकवरून नावं पुकारून सगळ्या मानकऱ्यांना फेटे बांधले, जावयाच्या मित्रांनासुद्धा बांधले. पण मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी उभा राहिला तो सख्खा मामा, अनिताचा भाऊ गोरख, बोडक्या डोक्यानं. त्या दिवसापासून गोरखमामा बहिणीचा उंबरा चढले नव्हते. कैलासभाऊ शपथेवर सांगत, की मी फेटा घेऊन मांडवभर हिंडलो, हाच सापडला नाही. गोरखमामा म्हणत, खोटं आहे, फिल्म लावून बघा. आणि इकबालभाईंनी झकास कापलेल्या फिल्ममध्ये सगळ्यांचे फेटे होते, गोरखमामांचा तेवढा नव्हता. वर्षानुवर्षं त्या फिल्मनं मामांच्या बाजूनं साक्ष दिली होती.

"माजा येकुलता भाऊ. दोगं बी अडून बसल्यात," अनिता म्हणाली.

"काकू, मामा पाठीशी नसला तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही," सृष्टी म्हणाली. "ताईच्या लग्नाचं जे कापून टाकलं होतं, ते आहे का हो तुमच्याकडं?"

"आहे," भाभींच्या तोंडून निघून गेलं. डब्याची रिकामी जागा त्यांना नंतर दिसली.

इंदुरीला पोचल्यावर त्यांनी आधी पाणीसुद्धा घेतलं नाही. सरळ पिंपात हात घातला.

"तांदूळ काढताना रोज लागते हाताला," नूरबी म्हणाल्या. "मी आपली बाजूला सारते. अंडी देणार आहे का गं कधी?"

"आज दिली, अम्मा," भाभी म्हणाल्या.

दुकानात येऊन त्यांनी डिस्क कॉम्प्युटरला लावली आणि ते कापून टाकलेलं लग्न बघायला बसल्या. पाठी होत्या, कोपरं होती, कुणाचं तरी रडणारं पोर होतं. मग एका तुकड्यात कैलासभाऊ आले. दोन्ही तळहातांवर फेटा, जसा काही देवाचा प्रसाद. प्रत्येकाला विचारत होते, "गोरख कुटंय? आमचा गोरख बगितला का?" शेवटी त्यांनी पुढच्या रांगेतल्या एका खुर्चीवर तो फेटा ठेवला आणि बसायला आलेल्या एकाला उठवलं. "हितं न्हाई. ही मामाची खुर्ची हाय."

दुसरा तुकडा त्या लग्नात मदतीला आलेल्या झुबेरच्या कॅमेऱ्याचा होता. त्यानं तो मांडवामागं पोत्यांवर ठेवला होता आणि बंद करायला विसरला होता. त्यात धूर होता, पातेली होती आणि बाह्या सरसावलेले गोरखमामा होते. आचाऱ्याचा माणूस ऐन वेळी निघून गेला होता आणि मामा स्वतः भात उपसत होते. घामानं निथळत म्हणत होते, "माज्या भाचीच्या लग्नात पंगतीला भात कमी पडला, तर मी तोंड कुटं दावू?"

भाभींना हुंदका आला. दोघंही खरे होते! दोघांनीही एकाच वेळी एकमेकांचा मानच राखला होता. पण मग खुर्चीवरचा फेटा गेला कुठं? त्यांनी पहिला तुकडा पुढं सरकवला. आणि त्यांच्या ओळखीचा, अगदी घरचा आवाज आला. "अरे, ती मधली रिकामी खुर्ची काढा कुणीतरी. फ्रेम बिघडतीये." मग कुणी हललं नाही म्हणून आवाजाचे मालक स्वतःच कॅमेऱ्यापुढं आले. त्यांनी फेट्यासकट खुर्ची उचलली आणि स्पीकरच्या भिंतीमागं नेऊन ठेवली.

इकबालभाई मागंच उभे होते. त्यांना यातलं काहीएक आठवत नव्हतं, पण चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"तेवढं सोडून बाकीचं दाखव," ते हळूच म्हणाले. "बाजारात तोंड काढता येणार नाही."

"मग डबा कशाला ठेवलाय? आपल्या सोयीचं तेवढंच दाखवायला?" भाभी म्हणाल्या. मोठ्यानं बोलल्या नाहीत, पण जानूभाऊंची हातोडी थांबली.

खरं सांगायचं तर भाभींनाही ते सोपं नव्हतं. नवरा त्यांचाच होता, दुकान त्यांचंच होतं. पण चिखलातून चालत गेलेली ती वाट त्यांना आठवत होती. तेव्हा त्यांच्या हातात द्यायला काही नव्हतं. आज होतं, आणि ते झाकून ठेवणं त्यांच्यानं होणार नव्हतं.

त्यांनी कैलासभाऊंना बोलावलं आणि बाजाराला आलेल्या गोरखमामांनाही बोलावलं. एकाला दुसऱ्याचं सांगितलं नाही. दोघं समोरासमोर आले तसे दोन टोकांना तोंडं फिरवून बसले. भाभींनी कुणाला समजावलं नाही. पडद्यावर चित्र सुरू केलं.

फेटा तळहातांवर घेऊन हिंडणारे कैलासभाऊ बघताना गोरखमामांची मान हळूहळू इकडं वळली. "दाजी, तुमी माजी खुर्ची राखत व्हता?"

कैलासभाऊंचं लक्ष नव्हतं. ते पडद्यावरच्या धुराकडं बघत होते. "तू चुलीपाशी व्हतास व्हय रं? मला कुनी सांगितलंच न्हाई."

"त्यात सांगायचं काय? भाची माजीच व्हती की."

मग पडद्यावरून इकबालभाईंचा आवाज आला आणि खुर्ची उचलली गेली. इकबालभाई पुढं आले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "पदरात घ्या."

गोरखमामांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "भाई, तुमच्या फ्रेमपायी माजी भैन माहेराला मुकली की वं." आणि बोलता बोलता त्यांना हसू फुटलं. कैलासभाऊंनाही फुटलं. जानूभाऊंनी न सांगता चहा आणला. खंडेनवमीनंतर पहिल्यांदाच ते मान वर करून चालत होते, कारण दुकानात आता त्यांच्यापेक्षा मोठा गुन्हेगार सापडला होता.

लग्नाच्या आधी डबा पुण्याहून परत आला, शाबूत. भाभींनी त्याच्या दारांना कुलूप लावून घेतलं.

सृष्टीच्या लग्नात भाभी दुसऱ्या कॅमेऱ्यावर होत्या. मंगलाष्टकांची वेळ झाली. पुढच्या रांगेत, नेमक्या मध्यावर, एक खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर फेटा होता. कैलासभाऊ शेजारी पहाऱ्याला उभे. गोरखमामा अर्थातच पातेल्यापाशी होते, त्यांना तिथून हलवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. इकबालभाईंनी कॅमेऱ्यातून पाहिलं. सवयीनं त्यांचा हात पुढं झाला. त्यांनी भाभींकडं बघितलं आणि हात मागं घेतला.

पुकारा झाला तसे मामा धावत आले. अंगाला भाताचा वास, बाह्या वर. कैलासभाऊंनी सगळ्या मांडवादेखत त्यांच्या डोक्याला फेटा बांधला. मामा नवरीच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. सृष्टीनं मागं वळून एकदा खात्री करून घेतली. भाभींना समोरचं धूसर दिसू लागलं, कॅमेरा थोडा हलला, पण त्यांनी तो बंद केला नाही. ही पोरगी मामासकट उभी आहे, आणि त्यात आपला हात आहे, या अभिमानानं त्यांचा ऊर भरून आला. आणि का येऊ नये?

दुसऱ्या दिवशी दुकानात इकबालभाई फिल्म कापायला बसले. रिकामी खुर्ची आली, धावत येणारे मामा आले, मग भाभींचा तो हललेला तुकडा आला. त्यात नीट काहीच दिसत नव्हतं, नुसती मामांची पाठ आणि सृष्टीचं कोपर. इकबालभाईंनी तो तुकडा पुन्हा एकदा लावून पाहिला.

"हे फिल्ममध्येच राहू दे," ते म्हणाले. "आणि बाकीचं सगळं डब्यात टाक. काही पुसू नकोस."